मयतीला न आलेला उमेदवार

बाबा,

आज काकीचं दहावं झालं. समोरच्या घरातली काकी, जिच्या नवऱ्याच्या मयतीला तुम्ही गेला नव्हता. तलावावरून आले, अंघोळ केली आणि आता खालच्या खोलीत तुमच्या टेबलाशी बसले आहे. आई गेल्यावर वरचा मजला मी भाड्याने दिला. तिथल्या कुटुंबातली मुलं दिवसभर धावतात, त्यांच्या पायांचा आवाज छतातून खाली येतो. घरात एवढाच आवाज असतो. गल्लीतली बाकीची पोरं बापाला 'तू' म्हणायची. मी 'तुम्ही' म्हणत आले, कारण तुम्ही वर्षातून एकदा बिस्तरा घेऊन येणारे आणि सुट्टी संपली की निघून जाणारे होता. पुढे सुभेदार म्हणून रिटायर होऊन कायमचे घरी आलात, तरी तो शब्द बदलला नाही. आता लिहितानाही बदलत नाही, म्हणून तसाच ठेवते.

तुम्ही परत आलात तेव्हा आपलं गाव शहरात कधीच मिसळून गेलं होतं, पण मयतीपुरतं ते गावच होतं. कोणी गेलं की पहिला निरोप तुम्हाला यायचा. राहनाळच्या गोदामात सिक्युरिटी सुपरवायझरची ड्युटी असली तरी तुम्ही युनिफॉर्मवरच यायचात. बांबू घ्यायचे, काथ्याची दोरी पाण्यात भिजवायची आणि तिरडी बांधायला बसायचं. फौजेत इंजिनिअर पलटणीत तुम्ही पूल बांधले होते, त्यामुळे तुमच्या हातची तिरडी कधी करकरली नाही. गाठ अशी, की वजन आलं की आवळते आणि काम झालं की एका ओढीत सुटते. ती गाठ तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलीत, दोन लाटणी आडवी-उभी धरून. आई पीठ मळता मळता ओरडली होती, "अवो, लाटन्याव कनाला शिकवताव मयतीच्या गाठी? त्यानंच चपात्या लाटायच्यात मना." तुम्ही हसला नाहीत. "गाठ दोनदा बघायची," मला म्हणालात, "एकदा बांधताना, एकदा वजन आल्यावर." मी पुढे इंजिनिअरिंगला गेले, लोड आणि घर्षण यांची गणितं केली, तेव्हा ती गाठ मला कागदावर मांडता आली. पण हाताला ती आधीच येत होती.

मग तो पावसाळा आला. गोदामांसाठी खाडीकडची शेतं भरावाने उंच झाली, नाला बुजला आणि पाणी आपल्या गल्लीतल्या घरांत शिरलं. तुम्ही टेप घेऊन नाल्याची रुंदी मोजलीत, उतार काढलात, नकाशा करून कचेऱ्यांत दिलात. कोणी वाचला नाही. समोरचा काका, काकीचा नवरा, रिक्षा चालवायचा. त्याच्या घरात गुडघाभर पाणी होतं, तो खाटेवर पाय वर घेऊन बसला होता आणि तुम्ही दारात उभे होता. तिथून तो म्हणाला, "सुभेदार, नकाशे काढून काय व्हनार न्हाय. तुमीच उभे राव्हा आमदारकीला. आमी हाव ना." आजूबाजूच्या दारांतून लोकांनीही तेच म्हटलं. तुम्ही ते शब्दशः घेतलंत. तुम्ही सगळंच शब्दशः घ्यायचात, आणि हे मी तुमच्याकडूनच घेतलेलं आहे, म्हणून तक्रार म्हणून लिहीत नाही.

अपक्ष म्हणून तुम्हाला शिडी ही निशाणी मिळाली. काकाच्या रिक्षाच्या टपावर भोंगा बांधला. ॲम्प्लिफायरची जोडणी माझ्याकडे होती, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. तुमचा आवाज खालच्या पट्टीतला. आवाजाचा गेन वाढवला की भोंगा शिट्टी मारायचा, कमी केला की तुम्ही ऐकू यायचा नाहीत. शेवटी तुम्हाला भोंग्यापासून लांब, रिक्षाच्या मागे उभं केलं आणि वायर वाढवली. तुम्ही वायरलेस सेटवर बोलावं तसे बोलायचात. वाक्य लहान. मध्ये थांबा. महत्त्वाचं दोनदा. निजामपुऱ्यात लूमच्या खडखडाटातून शिफ्ट सुटलेले कामगार बाहेर येऊन उभे राहिले होते. तुम्ही म्हणालात, "नाला खुला होगा, तो पानी जाएगा. दोहराता हूँ. नाला खुला होगा, तो पानी जाएगा." मागून कोणीतरी ओरडलं, "समझ गए साहब, ओव्हर!" आणि सगळी गल्ली हसली. तुम्ही हसणं संपेपर्यंत थांबलात आणि पुढचं वाक्य बोललात. एका टपरीवरून एक म्हातारा म्हणाला, "फौजी, सीढ़ी तो ले आए, दीवार किधर है?" त्यावर काकाने रिक्षातून डोकं बाहेर काढून सांगितलं, "चाचा, चढना हमको है, आप सिर्फ नीचे से पकडना!"

तुमच्या भाषणात एक गोष्ट कधीच नसायची. तुम्ही नाल्याचं सांगायचात, रस्त्याचं सांगायचात, जय हिंद म्हणायचात आणि माइक खाली ठेवायचात. मत मागायचा नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणालात, "माहिती दिली. निर्णय त्यांचा." मग माइक काका उचलायचा. "म्हंजे काय, शिडीला मत द्या! आनि शिडी विसरू नका!" तुमच्या प्रचारातलं सगळं मागणं काकाने केलं. तुम्ही दोघे मिळून एक उमेदवार होता.

पहिल्याच आठवड्यात गावात एक मयत झाली. तुम्ही नेहमीसारखे गेलात, तिरडी बांधायला बसलात. आपल्याच प्रचारातल्या एका मुलाने फोटो काढला. दुपारपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाइलवर होता, तुमचे हात गाठीवर आणि कोपऱ्यात शिडीची निशाणी चिकटवलेली. मी तो फोटो तुम्हाला दाखवला तेव्हा तुम्ही चष्मा लावून बराच वेळ पाहिलात. रागावला नाहीत. चष्मा काढून म्हणालात, "मतदान होईपर्यंत मी कुठल्याही मयतीला जाणार नाही." आई म्हणाली, लोक काय म्हनतील. दुसरे उमेदवार मात्र रोज जात होते. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्या दहाव्याला गाड्या घेऊन जायचे, माइकसमोर नंबर लावून श्रद्धांजली वाहायचे. त्यांना कोणी काही म्हणत नव्हतं, कारण त्यांच्याकडून गावाची काही अपेक्षाच नव्हती.

आणि मग काका गेला. सकाळी रिक्षा पुसताना छातीत कळ आली, हॉस्पिटलच्या दारापर्यंतही पोचला नाही. समोरच्या घरातून काकीचा आवाज येतो आहे. तुम्ही खुर्चीत बसला आहात, पाठ टेकलेली नाही. आई दारात उभी आहे. "जावा वो," ती म्हणते आहे, "ह्यो तरी आपला हाय. ह्याच्यासाठी कसला नियम?" तुम्ही म्हणता, "बाहेर तीन पार्ट्यांच्या गाड्या लागल्यात. मी गेलो की चौथी." मी म्हणते, "मग लोकांना कारण सांगा. मी मेसेज लिहून देते." तुम्ही माझ्याकडे बघता. "सांगितलं तर तोही प्रचारच." मला ते तर्कात बसलेलं वाटतं. आजही त्यात चूक दाखवता येत नाही, तरी निकाल चुकीचा येतो. असं गणितात होत नाही. तिरडी दुसऱ्या कोणीतरी बांधली. मारुतीच्या देवळाच्या वळणावर ती सैल झाली, खाली टेकवून परत आवळावी लागली. तुम्ही खिडकीत उभे होता. वळण तिथून दिसतं.

त्यानंतर गावात बोलणं फिरायला लागलं, सुभेदार मत मागायला दारात येतो, खांदा द्यायला न्हाय येत. तुम्ही मत मागत नव्हता हे कोणी लक्षात घेतलं नाही, कारण तुमच्यासाठी मागणारा गेला होता. रिक्षाही गेली. उरलेले दिवस तुम्ही पायी फिरलात, भोंग्याशिवाय. मी कधी कधी बरोबर असायचे. लोक पाणी द्यायचे आणि उभे राहायचे, बसा म्हणायचे नाहीत. निकालाच्या दिवशी आपल्या गल्लीच्या मतदान यंत्रातून गल्लीत घरं आहेत तेवढीही मतं निघाली नाहीत. अनामत गेली. तुम्ही घरी येऊन बूट काढलेत, पुसलेत, जागेवर ठेवलेत आणि आईला विचारलंत, "जेवण आहे का?"

मतदान झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही काकीकडे गेला होता, हे मला आईने नंतर सांगितलं. नियमाची मुदत संपली आणि तुम्ही गेलात. काकीने आतून विचारलं, "आता कोन हाय तं बघायला आलाव?" तुम्ही उंबऱ्याबाहेर थोडा वेळ उभे राहिलात आणि परत आलात. त्यानंतर गावात किती जण गेले, पण तिरडी बांधायला तुम्हाला कोणी बोलावलं नाही. निरोप यायचा बंद झाला. तुम्ही जायचात, शेवटच्या ओळीत उभे राहायचात, चिता पेटली की परतायचात. दोरीचं बंडल माळ्यावर गेलं. आपल्या घरात त्या वर्षांत फार कमी बोललं गेलं. मला ती शांतता सोयीची वाटायची, अभ्यास होत होता. तुम्हाला कशी वाटायची ते मला माहीत नाही.

पुढे तुम्हीच गेलात तेव्हा आपल्या अंगणात माणसं बऱ्यापैकी होती. चौघं तिरडी बांधत होते. काकी पदर डोक्यावर घेऊन आली, ओटीवर न बसता सरळ तिरडीपाशी गेली आणि काठीने दोरी दाबून पाहिली. "सैल हाय ती. पोरीला बोलवा, तिला येतं." एक जण म्हणाला, "बायांनी न्हाय बांधायची." काकी म्हणाली, "माज्या नवऱ्याची तुमीच बांधली व्हती ना? देवलाच्या वलनाव सुटली व्हती." चौघं बाजूला सरकले. मी खाली बसले. एकदा बांधताना बघितली, एकदा तुमचं वजन आल्यावर.

आता मी वडप्याला एका गोदामात नोकरी करते. मालाची वर्गवारी करणारे सरकते पट्टे आहेत, त्यांचे सेन्सर आणि मोटारी माझ्याकडे आहेत. तेही गोदाम भरावावरच उभं आहे. नाला अजून अर्धाच उघडा आहे. काम चांगलं आहे, लोक नीट वागतात, डबा मी पॅनेल रूममध्ये खाते. कोणाकडे काही मागायला गेल्यासारखं वाटेल अशा ठिकाणी मी जात नाही. हळद, बारसं, वाढदिवस, सगळं टाळता येतं. मला हे तत्त्व वाटायचं.

या उन्हाळ्यात काकी अंथरुणाला खिळली. मी संध्याकाळी तिच्याकडे जायचे, फार बोलत नव्हते. एके दिवशी तिनेच विचारलं, "सुभेदार का न्हाय आला तवा? मना आजवर कुनी सांगितला न्हाय." मी तिला सांगितलं. फोटो, नियम, गाड्या, सांगितलं तर तोही प्रचारच, सगळं. तुम्ही असता तर सांगू दिलं नसतं. तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "एवढंच? मंग सांगायचा व्हता ना येड्यानं." आणि हसली, तिचे दात नव्हते, हसताना खोकला आला. पाणी पाजलं तेव्हा म्हणाली, "माजी तूच बांध. सैल नको."

बांधली. कोणी कुरकुर केली नाही. वळणावर सगळे नकळत थांबले, गाठींकडे बघितलं आणि पुढे निघाले. मागून एक जण म्हणाला, "सुभेदाराची गाठ हाय." तुमचं नाव गावात इतक्या वर्षांनी मी त्या वळणावर ऐकलं. आज दहाव्याला माइक होता. नगरसेवक व्हायला निघालेल्या एकाने भाषणात काकाला श्रद्धांजली वाहिली. काका जाऊन किती वर्षं झाली हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बाया पदराआड हसल्या.

भाषणं संपली की मी निघते, जेवायला थांबत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे आता कोणी थांब म्हणतही नाही. आजही कोणी म्हटलं नाही. मी चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले. मग परत आले आणि बायकांच्या पंगतीच्या टोकाला उभी राहून विचारलं, "मी बसू का इथे?" बोलताना आवाज तुमच्यासारखा खाली गेला, टोकाच्या बाईला ऐकू आलं नाही. दोनदा विचारावं लागलं. ती बाई सरकली.

हे पत्र दोरीच्या बंडलात ठेवून माळ्यावर टाकणार होते. बंडल मी काकीसाठी खाली काढलं होतं, ते आज तरी परत वर ठेवावंसं वाटत नाही, म्हणून दोन्ही टेबलावरच राहतील. जेवण साधं होतं, बाबा. मी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.