सृष्टीने घेतलेला वर्ग

एकलहरे, नाशिक
१९ जानेवारी २०२५

प्रिय गोदाताईस,

धाकट्या रंगनाथचा नमस्कार. सहा वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. मार्चमध्ये मी रिटायर झालो. वीज केंद्र सुटलं तरी पाचला जाग येतेच. भागूचे गुडघे थंडीत फार दुखतात. दाजींची तब्येत कशी आहे? तुझी मृण्मयी सासरी सुखात असेल.

फोनच करणार होतो. पण तू ‘हॅलो’ म्हणालीस की माझी जीभ अडखळली असती, म्हणून लिहितोय. आणि तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

परवा आपल्या सृष्टीने चाळीस कंडक्टर-ड्रायव्हरांचा वर्ग घेतला.

खरंच सांगतो. तीन वर्षांपूर्वी भागूने माझ्याशी भांडून तिला पंचवटीतल्या एका संस्थेत घातलं. ज्यांना समजायला, शिकायला वेळ लागतो असे वीसेक जण तिथं काम शिकतात. सृष्टी तिथल्या स्वयंपाकघरात पोळ्या करते. बसने एकटी जाते, एकटी येते. तिथले मुस्तकीम सर म्हणाले, अशा प्रवाशांशी कसं बोलायचं ते बसवाल्यांना सांगू या, आणि ते प्रवाशांनीच सांगू दे. आईबापांनी मागच्या रांगेत गप्प बसायचं.

सृष्टी माइकपाशी गेली आणि हातातले कागदच इतका वेळ लावत बसली, की मी उठणारच होतो. भागूने माझा शर्ट धरून ठेवला.

मग तिने प्रत्येकाला एकेक कागद वाटला. अक्षरं उलटीपालटी छापलेली. म्हणाली, “वाचा. लवकर. मागे रांग आहे.” पुढे एक दांडगा, मिशाळ कंडक्टर होता, तो अडखळायला लागला. ही त्याच्या डोक्याशी उभी. “चला काका, लवकर. एवढं पण येत नाही?” त्याला घाम फुटला, बाकीचे हसले. तेव्हा सृष्टी म्हणाली, “मला रोज असं होतं. तुम्ही सावकाश सांगा. एका वेळी एकच सांगा. ओरडलं की मला काहीच कळत नाही.”

हसणं थांबलं, ताई. लोक वहीत लिहून घ्यायला लागले. माझ्या पोरीचं बोलणं लोक लिहून घेत होते. मी शेजारच्या अनोळखी माणसाला दोनदा सांगितलं, ही माझी मुलगी.

शेवटी त्या मिशाळ कंडक्टरने विचारलं, “ताई, सगळ्यात जास्त त्रास कुठं होतो? बसमध्ये, का स्टॉपवर?”

“घरी व्हायचा,” ती म्हणाली. “पाहुणे आले की बाबा मला आतल्या खोलीत ठेवायचे. कडी लावायचे. आता नाही लावत. ते बघा, मागे बसलेत.”

चाळीस माणसं मागे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, मी तिला डबा भरून दिला असं सांगावं तसं ती बोलली. मी उभा राहिलो. “खरं आहे,” एवढंच मला म्हणता आलं.

तुझ्यापुढे मात्र पूर्ण म्हणतो. मृण्मयीच्या लग्नात मी सृष्टीला माडीवर कोंडलं होतं. वरपक्षाला दिसू नये म्हणून. तू कडी काढलीस, तिला पैठणी नेसवलीस आणि नवरीशेजारी बसवलंस. मी चारचौघांत तिला दंडाला धरून ओढत नेलं. तुला म्हणालो, माझ्या घरात लक्ष घालू नकोस. नंतर सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरलो की गोदाताईने माझा अपमान केला. तू एकालाही खरं सांगितलं नाहीस. का, ते मला परवा त्या हॉलमध्ये कळलं. तू माझी अब्रू राखलीस, आणि मी तुझी घालवली. चुकलो, ताई. आता प्रत्येकाला फोन करून खरं सांगतोय. कालपासून चार झाले.

सृष्टीला तुझ्याकडे यायचंय. शनिवारी सकाळच्या एसटीने ती नाशिकहून एकटी निघेल. दहाच्या सुमारास येवल्याच्या स्टँडवर तिला घ्यायला जा. बोलायला लागली की थांबत नाही, तयारीत राहा.

मी तिच्याबरोबर येत नाही. मला तू बोलावशील तेव्हाच येईन.

सृष्टीचा बाप,
रंगनाथ