शिरीषचा मतदारसंघ

शनि. २८ ऑगस्ट २०२१
जर्मनीहून शिरीषचा फोन. तिकडचं नागरिकत्व मिळाल्यापासूनचं पहिलंच मतदान — मतपत्रिका पोस्टाने घरी आली! अर्धा तास नुसता मतदारसंघ ऐकवला. आधी नदीच्या अलीकडचाच भाग होता म्हणे. वस्ती घटली, तशी डोंगरापलीकडची चार गावं जोडली. त्याचं गाव त्यातलंच. "म्हातारे अजून कुरकुरतात गं आई, आम्हाला परक्यांच्या गळ्यात बांधलं!" मी म्हटलं, इथे आमच्या ट्रुगानिना उपनगरात तरी काय — आम्ही एका कौन्सिलचे, म्हणजे नगरपालिकेचे, रस्त्यापलीकडच्या कांताताई दुसऱ्या कौन्सिलच्या. कचऱ्याचा वारसुद्धा वेगळा!
खोकत होता. विचारलं तर म्हणे, धूळ आहे.

शुक्र. १० सप्टेंबर
गणपती बसले. लॉकडाऊन, येणार कोण? नारळ एकच फोडला, अर्धा उद्याच्या आमटीला ठेवला.
शिरीषला कोविड. गावाजवळ खाट नाही, पुढच्या शहरात नेलं. तोंडावर मास्क, तरी थट्टा — "आई, मी आता शेजारच्या मतदारसंघात!" आणि बायकोला काय सांगतो, तर अंजू, भरून ठेवलेलं मताचं पाकीट आजच टाक. ओरडलेच मी — मत गेलं खड्ड्यात, आधी श्वास घे!

मंगळ. १४
व्हेंटिलेटर. दमा लहानपणापासूनचा. कोविडमुळे इथून कुणाला बाहेर सोडत नाहीत; ह्यांनी सरकारकडे देशाबाहेर जायची परवानगी मागितली. उर्वी म्हणते, "ममा, गेलीस तर परत कधी येता येईल, नो आयडिया." परत यायचंय कुणाला! रामरक्षा चालू आहे.

रवि. १९
परवानगी नाही. आणखी कागद हवेत म्हणे.
गणपती बादलीत विसर्जित केला. "पुढच्या वर्षी लवकर या" तोंडातून फुटेना.

बुध. २२
शिरीष गेला.

गुरु. २३
अंजूने फोन त्याच्या कानाशी धरला होता. मी रामरक्षा म्हणत होते. पुढचं आठवत नाही.
पितृपक्ष चालू आहे. सासूसासऱ्यांचं पान वाढायचे हे दिवस. पितरांत माझं पोर!
हे अंघोळ करून भिंतीकडे बघत बसलेत. उर्वीने वरणभात केला, तसाच राहिला.

सोम. २७
अंजूचा फोन. माणूस गेला, आता मत काढून टाकतील, म्हणून तिने तिथल्या नगरपालिकेत विचारलं होतं. बाई म्हणाली, पाठवलं तेव्हा हयात होते ना? मग धरायचंच.
काल तिकडे मतदान झालं, त्याचंही मोजलं.
ज्याला दिलं तो पडला म्हणे. पडू दे!