काकांचं मोटरहोम विकताना

२२ एप्रिल २०१८, रविवार
चर्चमध्ये मिस्सा स. १० ची. घरी आल्यावर काकांनी मोटरहोमवरची ताडपत्री काढायला सांगितली. ड्राइव्हवेच्या कडेला काळ्या बर्फाचा ढीग अजून आहे. दरवर्षी ताडपत्री निघाली की फादर येऊन गाडीवर पवित्र पाणी शिंपडतात, मग पहिली ट्रिप. यंदा विकायची म्हणून काढली. डॉक्टरांचा रिपोर्ट लायसन्स ऑफिसला गेला आणि मार्चमध्ये काकांचं लायसन्स गेलं. काचबिंदू. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. काकी चालवत नाही. मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास.
जाहिरात मी लिहायची. इथे सगळं फ्रेंचमध्ये, आणि घरात ते मलाच येतं.
काका : "एक अक्षर खोटं नको."

२३ एप्रिल
जाहिरात चार वेळा तपासली. एकही चूक नाही. विकण्याचं कारण : प्रकृती. हे लिहिताना हात थांबला.

फेब्रुवारीतलं एकदा लिहून टाकतो. डॉक्टर फ्रेंच, मी मधे दुभाषा, काकी मागच्या खुर्चीत. डॉक्टरांनी विचारलं, गाडी चालवताना काही अडचण? काका म्हणाले, "सांग त्यांना, अकरा वर्षांत एक ओरखडा नाही."
मी सांगितलं की गेल्या समरमध्ये कॅम्पग्राउंडवर कुत्रा घेऊन चाललेली बाई यांना दिसलीच नाही. मी ओरडलो म्हणून ब्रेक लागला. दोन वर्षं उजवीकडचं सगळं मीच बघून यांना सांगतो. शांत आवाजात सांगितलं, काकांचंच म्हणणं पुढे नेत असल्यासारखं. काका मान डोलवत होते.
बाहेर आल्यावर पाठीवर थाप. "केवढा बोललास रे माझ्यासाठी!"
तेव्हाच सांगायला हवं होतं.

२८ एप्रिल, शनिवार
गाडी बघायला एक जोडपं आलं, पन्नाशीचं. काकांनी एकेक ड्रॉवर उघडून दाखवला. स्टोव्ह पेटवला. पलंग उलगडला. बाईंनी विचारलं, इतकी छान ठेवलेली गाडी का विकता?
"काय म्हणते ती?"
सांगितलं.
काका : "सांग तिला, माझ्या पुतण्याने डॉक्टरांसमोर वकिलासारखी बाजू मांडली, तरी डॉक्टरने ऐकलं नाही."
मी एवढंच म्हणालो, "डोळे." बाई माझ्याकडे बघत राहिल्या. एवढं लांब वाक्य आणि त्याचा एक शब्द.
गाडी त्यांना आवडली. घेतील.

२ मे
विंडसरच्या फिलिपदादांचा फोन. काकांचे चुलतभाऊ. दर ऑगस्टला मोटरहोमने आम्ही तिघं त्यांच्याकडे जायचो. काकांनी स्पीकर लावला. "या वर्षी येणं नाही, फिलिप. पण आपला एडी काय झुंजला रे! बारावी अर्धी सोडून आलेला पोरगा, फाडफाड फ्रेंच! डॉक्टर नुसता लिहीत होता."
फिलिपदादा : "मग लायसन्स कसं गेलं? अजून फाडफाड बोलायला हवं होतं त्याने."
दोघं हसले. मी ताट तसंच ठेवून वॉशरूममध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.
पप्पा वारल्यावर काकांनी मला गावाहून इथे आणलं. सतरा वर्षांचा होतो. एअरपोर्टवर स्वतःचा कोट काढून मला घातला, आणि स्वतः स्वेटरवर पार्किंगपर्यंत चालले.

५ मे, शनिवार
दु. ३ ला चर्चमध्ये कुमसारला, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करायला गेलो. फ्रेंचमध्ये केला. मराठीत हे वाक्य तोंडातून आलं नसतं. फादर म्हणाले, तू खरं बोललास, कोणाचा तरी जीव वाचला असेल. मग पाप कोणतं?
मी म्हणालो, मी त्यांच्या समोर बसून त्यांच्या पाठीमागे बोललो. आणि आणखी एक. यंदा ट्रिपला जायचं नाही हे मी ख्रिसमसलाच ठरवलं होतं. पूर्ण समर त्या सीटवर बसून "उजवीकडे गाडी, उजवीकडे सायकल" म्हणायचा कंटाळा आला होता. त्या कुत्र्यावाल्या बाईच्या काळजीने बोललो की कंटाळ्याने, मला सांगता येत नाही.
फादर एवढंच म्हणाले, काकांना सांग.

६ मे
काकी मोटरहोमचे पडदे काढत होती. तिनेच शिवलेले, निळे. मी स्टुलावर चढून हुक सोडवत होतो. न बघताच म्हणाली, "मी होते ना तिथे, त्या दिवशी."
मी पुढचा हुक सोडवायला घेतला.
"बावीस वर्षं शिलाईच्या कारखान्यात त्या फ्रेंच बायकांमध्ये बसले. बोलता येत नाही म्हणजे कळत पण नाही, असं वाटलं तुला?"
"मग काकी, तू काही बोलली का नाहीस?"
"काय बोलू? मला बरं वाटलं. प्रत्येक ट्रिपला रोझरीची माळ धरून बसायचे मागे. ते काय हौस म्हणून?" मग म्हणाली, "त्यांना सांगायचं ते तू सांग. मी सांगितलं तर पुढची दहा वर्षं माझ्या भाजीत मीठ जास्तच लागेल त्यांना."
हसू आलं. लगेच लाज वाटली.

१२ मे, शनिवार
गाडी गेली. काकांनी चावी देण्याआधी हाताने चाचपत एक पूर्ण फेरी मारली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत उभे होते. वळताना दिसली का, मी विचारलं नाही.
आत येऊन म्हणाले, "आता अपील करू. मोठी गेली तरी साधी गाडी चालवीन. आधी डॉक्टरच्या रिपोर्टची कॉपी मागव. तू एवढं बोललास त्यातलं त्याने काय लिहिलंय ते तरी बघू."
काकी भांडी घासत होती. थांबली, परत घासू लागली.

१३ मे
पत्र लिहिलं. एक पान. कच्चं, मग पक्कं. "संपूर्ण रिपोर्टची प्रत" यातला "संपूर्ण" काढला. परत घातला.

१४ मे, सोमवार
सही कुठे करायची तिथे मी बोट ठेवलं. तरी सही ओळीबाहेर गेली. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकायला काकांना स्वतः यायचं होतं. रस्ता ओलांडायचा म्हणून माझं कोपर धरलं. पेटीपाशी म्हणाले, "दे."
मी पाकीट दिलं नाही. म्हणालो, "काका, रिपोर्टात माझं नाव असेल." मग पुढचं सगळं. बाई, कुत्रा, दोन वर्षं. मराठीत. नीट जमलं नाही, मधेच गाडी गेली की थांबत होतो. कंटाळ्याचं राहिलं.
ते पेटीकडे तोंड करून ऐकत होते. मग माझ्या हातातून पाकीट घेतलं, बोटांनी फट शोधली आणि आत टाकलं.
"चल."
परत तोच रस्ता ओलांडायचा होता. माझं कोपर त्यांनी धरलं. धरावंच लागलं.