बिजलीला कोणी उठवलं

नेपरव्हिल
६ ऑक्टोबर

प्रिय अबोली,

आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतेस पण उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी पेन काढलं. हाताने लिहिलेलं पत्र माणूस फाडायच्या आधी निदान एकदा वाचतो, अशी माझी समजूत आहे.

इकडे आम्ही दोघं ठीक. थंडी सुरू झालीये, फर्नेस परवा लावला. अ‍ॅशबर्नला अजून बरी हवा असेल. स्वानंदीचा पहिलीचा वर्ग कसा चाललाय? तिला मी पाठवलेला लाल स्वेटर झाला का, ते तरी कळव.

बाकी घरात एकच विषय. तुझ्या सासऱ्यांची बिजली.

अगं, काय सांगू! अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टर म्हणाले रोज चाळीस मिनिटं चाला, तर हे रेसमधून रिटायर झालेली ग्रेहाउंड घेऊन आले. कल्पना अशी की पळणारी कुत्री आहे, ओढत नेईल. ओढते कसली! नाव बिजली आणि दिवसातले अठरा तास लोडशेडिंग. चौथ्या घराच्या मेलबॉक्सपाशी पोचली की पुतळ्यासारखी उभी राहते. पुढे नाही, मागे नाही. आणि बाबा तिच्या शेजारी दोरी धरून तसेच उभे. परवा समोरच्या बाईने मला विचारलं, गिरीश ठीक आहेत ना? मी काय सांगणार?

आठ महिने झाले तिला येऊन, एक आठवडा डॉक्टरशिवाय गेलेला नाही. रेसच्या जागी काय खायला घालत होते देवाला ठाऊक, दात सगळे किडलेले. ऑगस्टमध्ये अकरा काढले. मग त्याच्या गोळ्या. मग पंजाला कुरूप. कुत्र्याला कुरूप होतं हे मी साठ वर्षांत ऐकलं नव्हतं. मांडीवरचे केस गेलेत. कातडी इतकी पातळ की गुलाबाच्या झुडपाला घासली तरी फाटते. जिना म्हणजे काय हे माहीत नव्हतं, बाबांनी चार दिवस तिचा एकेक पाय उचलून पायरीवर ठेवला. किचनच्या टाइल्सवर घसरते म्हणून घरभर योगा मॅट अंथरल्यात. येणाऱ्याला वाटतं मी क्लास काढलाय. मी पोळ्या करत असले की मागे येऊन उभी राहते. बसत नाही, नुसती उभी. वळलं की धडक. आणि वास सोडते तो वेगळाच.

असो. ईशानने बाबांना सांगितलंय, थँक्सगिव्हिंगच्या आधी कुत्री परत द्या, नाहीतर आम्ही येणार नाही. बाबा दोरी घेऊन बिजलीला फिरवायला गेले. जिच्या संस्थेकडून बिजली आणली ती डेब्रा पंचवीस तारखेला येणार आहे. मी सुटले म्हणायची.

बिजली स्वानंदीला चावली त्या दिवसाचं मी पुन्हा उगाळत नाही. जे सांगायचं ते इमर्जन्सीत डॉक्टरांसमोर सांगितलंच आहे. मी तिथेच उभी होते, स्वानंदीला दोनदा बजावलं, तरी तिने जाग्या कुत्रीचा कान ओढला. लहान आहे, होतं असं. टाक्यांची खूण राहील का गं?

ईशान म्हणत होता, तू तिला रोज झोपताना खरं बोलण्याबद्दल समजावतेस, आणि ती रडते. कशाला एवढं ताणतेस? सहा वर्षांची पोर आहे. सोडून दे ना. माझं ऐक, सोडून दे.

उत्तर पाठव.

आई


नेपरव्हिल
२७ ऑक्टोबर

अबोली,

तुझं उत्तर आलं नाही. आलं असतं तर मी हे पत्र कदाचित लिहिलं नसतं, म्हणून बरंच झालं.

परवा डेब्रा आली. ही बाई पूर्वी स्कूलबस चालवायची, आता घरात चार ग्रेहाउंड आहेत. आली ती सरळ योगा मॅटवर मांडी घालून बसली. बिजलीने जाऊन तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तेवढ्यानेच माझं डोकं फिरलं. आठ महिने खाऊपिऊ घातलं मी, आणि लाड तिच्याकडे.

डेब्राने फॉर्म काढला. काय झालं ते नीट सांगा म्हणाली. मी सांगितलं, नेहमीचं. मी शेजारी उभी होते, कुत्री जागी होती, मुलीने कान ओढला.

"जागी होती? नक्की?"

"डोळे उघडे होते तिचे," मी म्हणाले.

"सुलेखा, हे कुत्रे डोळे उघडे ठेवूनही झोपतात. जन्मभर एकटे पिंजऱ्यात झोपलेले असतात, झोपेत त्यांना कधी कोणी हात लावलेला नसतो. एकदम कोणी अंगावर आलं तर जागं व्हायच्या आधीच तोंड चालतं. तसं झालं असेल तर मी हिला मुलं नसलेल्या घरी देऊ शकते. पण जागी असताना, मोठं माणूस शेजारी उभं असताना ती मुलीच्या तोंडावर गेली असेल, तर..."

अशा कुत्रीला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवतात, हे मला ठाऊक होतं. बाबा उठून गॅरेजमध्ये गेले. डेब्रा पेन धरून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं चहा बघून येते. किचनमध्ये गेले. चहा ठेवलेलाच नव्हता. ओट्याला धरून उभी राहिले तर मागे ही बया येऊन उभी. मी म्हटलं, जा गं बाई, जा तिकडे, माझ्या मागे मागे येऊ नकोस. ती कुठली जातेय.

मग बाहेर आले, बाबांना गॅरेजमधून बोलावलं, आणि दोघांसमोर बोलले. आता तुला सांगते. मधे थांबले तर पुढे लिहिणार नाही, म्हणून एका दमात वाच.

मी तिथे नव्हते अबोली. लाँड्री रूममध्ये होते. नागपूरहून शरयूचा फोन आला होता, कपड्यांच्या घड्या घालत बोलत होते. सकाळपासून बिजलीला गोळी द्यायचा प्रयत्न चालला होता. पीनट बटरमध्ये दिली, चीजमध्ये दिली, श्रीखंडात दिली. सगळं चाटून गोळी तेवढी स्वच्छ करून बाहेर ठेवायची. मी वैतागले होते. तुम्ही दोघं बाबांबरोबर बाजारात गेला होतात. स्वानंदी दाराशी आली तर मी म्हटलं, "जा गं, त्या महामायेला उठव, गोळी द्यायचीये."

ती म्हणाली, "मम्मा सेड नो, आजी. नॉट व्हेन शी इज स्लीपिंग."

मी काय म्हणाले असेन? "झोपली नाहीये, डोळे उघडे आहेत तिचे. मी सांगतेय ना, जा."

ती गेली. कान वगैरे काही ओढला नाही. गळ्यात हात घातला असेल, ती घालते तसा. मी फक्त किंकाळी ऐकली.

गाडीत घालून तिला इमर्जन्सीत नेलं, तिथे तुम्ही भेटेपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं, फक्त तिच्या कपाळावरचं रक्त. पण तू आलीस आणि पहिलं विचारलंस, "आई, तुम्ही कुठे होता?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, तिथेच. एकदा निघालं आणि मग पुढचं सगळं त्याला जुळवत गेले.

टाके घालताना ती तुला म्हणाली होती. तुला आठवत असेल. "आजी टोल्ड मी टू." आणि मी म्हणाले, घाबरलीये ती, काहीही बोलतेय. तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि ती गप्प झाली. तुम्हाला सगळ्यांना वाटलं, कबूल झाली.

का केलं, याला सांगण्यासारखं कारण नाही. तू आल्या दिवसापासून मला बजावत होतीस, आई, तुम्ही फोनवर असाल तेव्हा ती कुत्रीजवळ नको. मला राग यायचा. ईशानला वाढवलं, लायब्ररीत बावीस वर्षं लोकांची मुलं सांभाळली, आता हिच्याकडून शिकायचं का, असं वाटायचं. तू बरोबर होतीस आणि मला तुझ्यासमोर चूक ठरायचं नव्हतं. एवढंच. एवढ्यासाठी मी सहा वर्षांच्या पोरीला खोटं पाडलं.

 डेब्रा गेल्यावर बाबा म्हणाले, "सुलेखा, मी फोनवर रागावलो होतो तिला. आजीचं ऐकायचं असतं म्हणालो होतो."

आणि तिने ऐकलंच होतं.

तेव्हापासून ते स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतात.

डेब्राने फॉर्म बदलला. बिजलीचं काय करायचं ते आम्हाला ठरवायला पंधरा दिवस दिलेत. तू म्हणशील तसं करू. पण ते नंतर. आधी हे पत्र बाजूला ठेव आणि स्वानंदीला सांग की ती खरं बोलत होती. मी फोन करून सांगितलं असतं, पण माझा आवाज तिने आधी ऐकावा असं मला वाटत नाही. तू सांग. आजच सांग.

सुलेखा


नेपरव्हिल
१६ नोव्हेंबर

अबोली,

फोनवर तू ओरडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. "आई, मी नऊ आठवडे माझ्या मुलीला खोटारडी म्हणत होते," एवढंच म्हणालीस. 

मग तू तिला फोन दिलास. ती काय बोलली ते तुला बाजूला ऐकू आलं असेल, पण मी काय बोलले ते आलं नसेल. म्हणून लिहिते. आता तुझ्यापासून काही लपवून ठेवायला नको.

ती म्हणाली, "आजी, आय टोल्ड देम."

मी म्हणाले, "हो बाळा."

"यू सेड आय डिडन्ट."

"हो. मी खोटं बोलले. तू खरं बोलत होतीस."

मग तिने विचारलं, "व्हाय?" मी या प्रश्नाची आठ दिवस तयारी करून ठेवली होती. एक शब्द आठवला नाही. म्हणाले, "मला भीती वाटली, मम्मा मला रागावेल म्हणून."

ती म्हणाली, "बट यू आर बिग."

अबोली, मला कुणी इतकं बोललेलं नाही. माझ्या सासूबाई बोलायच्या, लायब्ररीतली ती सुपरवायझर बोलायची, सगळ्यांना उत्तरं होती माझ्याकडे. हिला नव्हतं. मी म्हणाले, "हो, मोठी आहे." आणि सॉरी म्हणाले, इंग्रजीत, कारण मराठीत त्याला जो शब्द आहे तो तिला कळला नसता. ती "ओके" म्हणाली. ते माफ केल्याचं ओके नव्हतं. मुलं फोन ठेवायच्या आधी म्हणतात ते होतं.

थँक्सगिव्हिंगला तुम्ही येणार नाही, ते समजलं. बाबांनाही सांगितलं. नाताळचंही मी विचारत नाही.

बिजलीबद्दल तू म्हणालीस, "ठेवा तिला, तिचं काय चुकलं?" त्यातलं जे माझ्यासाठी होतं ते मला पोचलं. बाबांनी तिच्या बिछान्याभोवती जाळीचं फाटक लावलंय. आता कोणीही, मीसुद्धा, दुरून नाव घेऊन ती कान हलवेपर्यंत पुढे जात नाही. डेब्राने तसंच शिकवलं. काल पहिला बर्फ पडला आणि महाराणींचा पाय काही केल्या अंगणात पडेना. कोट घातला, बूट घातले. चार बूट, अबोली! एकेक बूट चढवायला दहा मिनिटं. तिसरा घालेपर्यंत पहिला झटकून टाकते. मी गुडघ्यावर बसून तिला बोलत होते, बाई गं, माझा जीव घेशील तू एक दिवस. बाबा दारात उभे होते. आले आणि चौथा बूट धरला. अजून नीट बोलत नाहीत, पण बूट धरला.

तू म्हणालीस, स्वानंदी स्वतःहून माझं नाव काढेपर्यंत मी यायचं नाही, फोन करायचा नाही, वस्तू पाठवून तिला खूश करायचं नाही. पटलं. तिकीट बघत होते ते बंद केलं. शेवेचा डबा पाठवायला बांधला होता, तो शेजारच्या प्रतिमाला दिला. हे पत्रही तिला वाचून दाखवू नकोस. तिने काढलं नाव तर काढलं, नाही काढलं तर तिला आठवण करून देऊ नकोस.

फक्त एक कर. ती कधी काही सांगायला आली, कितीही छोटं, शाळेतलं, खेळातलं, आणि मोठ्यांचं म्हणणं वेगळं असलं, तर आधी तिचं पूर्ण ऐकून घे. मी असले समोर तरी. मी असले तर जास्तच.

तिने बोलावेपर्यंत इथेच थांबलेली,

सुलेखा