शिंगाची मूठ

रुआबांधा, भिलाई
ता. ६ मार्च १९६०

ति. पंचफुलाबाईस टिकारामचा सप्रेम जयभीम, वि. वि.

मी खुशाल आहे. बाबांची आणि तुझी खुशाली कळली. पार्सलात बाबांसाठी चाकू पाठवला आहे. बाजारचा नाही, तुझ्या भावाच्या हातचा आहे. दिवसभर कारखान्यात लोखंड ठोकतो आणि घरी येऊन पुन्हा तेच, म्हणून शेजारचे केवलरामजी मला येडा म्हणतात. म्हणोत बापडे.

पातं ट्रकच्या मोडक्या कमानीचं आहे. आधीची पाती लाल करून पाण्यात बुडवली तर तडकली, तेव्हा अक्कल आली. आता लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवतो आणि कोमट जवसाच्या तेलात बुडवतो. त्याने पातं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून पुन्हा मंद आचेवर ठेवायचं आणि गव्हाचा रंग आला की काढायचं. ज्याला पाणी देणं म्हणतात ते हेच, आणि ते तुझ्या भावाला आता जमतं.

मुठीसाठी बाभूळ होती, शिसम होतं. पण इथल्या एका रशियन साहेबाच्या चाकूला शिंगाची मूठ पाहिली, तेव्हापासून माझं मन तिच्यावरच बसलं. दुर्गच्या बाजारातून म्हशीचं शिंग आणलं आणि घासून घासून आरसा केला. बाबांच्या हातात शोभेल. उन्हाळ्यात दोघं इकडे या.

आहे ती माया दुप्पट करावी, कमी नको.

तुझा टिकाराम


बोरटोला, जि. भंडारा
ता. १९ मार्च १९६०

चि. टिकारामास बाईचा जयभीम व अ. आ.

पार्सल पोचलं. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहिणार नाही. बाबांनी अंगणात कागद सोडला, मूठ पाहिली आणि चाकू खाली ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दीक्षेच्या साली तू कामासाठी बाहेर होतास. बाबांनी मेलेलं ढोर ओढणं आणि सोलणं सोडलं, एवढंच तुला ठाऊक. नागपूरहून आल्या आल्या त्यांनी सोलायची सुरी वैनगंगेच्या डोहात टाकली, आणि तेव्हापासून हातात पातंच धरलं नाही. आंबासुद्धा मी चिरून देते. पाटलाने मजुरी बंद करून पाहिली, बाबा वाकले नाहीत. त्यांच्याकडे पाहून सगळी वस्ती तगली.

आणि आता हे शिंग. पाटलाचा गडी धोंडबा कुंपणापाशी उभा राहून पाहत होता. दुसऱ्या दिवशी बाबांचं नाव घेऊन गावभर बोभाटा झाला की कवडूने पुन्हा सुरी धरली. पाटलाचा बैल आजारी आहे. तो मेला की धोंडबा बोलवायला येणार, आणि वस्ती बाबांच्या तोंडाकडे पाहणार. बाबा म्हणतात, चुलीत घालून मूठ जाळून टाकतो. मी चाकू धानाच्या ढोलीत लपवला आहे. काय करायचं ते लवकर लिही.

तुझ्यावर रागावलेली, पण तुझीच,
पंचफुलाबाई


रुआबांधा, भिलाई
ता. २७ मार्च १९६०

ति. पंचफुलाबाईस स. ज. वि. वि.

पत्र वाचून मान खाली गेली. मी शिंगाची चमक पाहिली, ते शिंग कुठून येतं ते पाहिलं नाही. आता आधी काम सांगतो. चाकू चुलीत घालू देऊ नकोस. पातं पुन्हा लाल झालं तर दिलेलं पाणी उतरेल आणि ते पत्र्यासारखं मऊ पडेल. मुठीत पितळेच्या खिळ्या आहेत, त्यांची डोकी कानशीने घासून त्या ठोकून काढ. शिंग सुटेल, ते पुरून टाक. दुसरी मूठ कशाची लावायची ते बाबांनीच ठरवावं.

पुढचं बाबांना जसंच्या तसं वाचून दाखव. बाबा, चूक मुठीची होती, पात्याची नाही. तुम्ही ते काम टाकलं, हात तर टाकले नाहीत ना? पाटलाच्या धाकाने पातं धरायचं नाही, तर मग अजून त्याचंच चाललं म्हणायचं. मला हे पटत नाही. रागावायचं असेल तर खुशाल रागवा, पण चाकू वापरा.

तुमच्या लोभाला पात्र होईन, ही खात्री.

टिकाराम


बोरटोला
ता. २४ एप्रिल १९६०

चि. टिकारामास जयभीम व अ. आ.

तुझं पत्र शब्दन् शब्द वाचलं. बाबा म्हणाले, पोट्टा लय बोलाले शिकला. आणि स्वतःच कानस घेऊन बसले. शिंग पुरलं. मुठीला तेंदूच्या गाभ्याचं लाकूड घेतलं, ते घामाच्या हातातून निसटत नाही म्हणे. पोळा झाला की भिलाईला येतो म्हणतात, तुझी भट्टी पाहायची आहे त्यांना.

परवा पाटलाचा बैल मेला. भर दुपारी धोंडबा आला. बाबा दारात टरबूज घेऊन बसले होते, आणि वस्तीतली माणसं आपापल्या ओट्यावरून पाहून राहिली होती. धोंडबा म्हणाला, सुरी हातातच हाये, तर चाल. बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, हा माह्या पोराच्या हातचा चाकू हाये, हा फळाले लागते, ढोराले नाही लागत. आणि एक फोड कापून त्याच्यापुढे धरली.

धोंडबाला तहान लागली होती, ते दिसत होतं. पण आमच्या हातची फोड तो चारचौघांत कशी घेणार? त्याने मागे पुढे पाहिलं आणि तसाच परत गेला. बाबांनी ती फोड स्वतः खाल्ली. गोड हाये म्हणाले, आणि वस्तीला हाक मारली.

जीव लावलास तसाच लावत राहा.

तुझी पंचफुलाबाई