आलेलुयाचा रविवार

४ जानेवारी

आज मला ऑर्गनवरून उतरवलं. फादरांचे शब्द वेगळे होते — "थोडी विश्रांती घ्या, बाई." लग्न करून या घरात आले तेव्हापासून दर रविवारी वाजवतेय, कधी विश्रांती मागितली होती? कारण काय, तर लोक येत नाहीत. बाकं रिकामी. तरुणांना नवीन संगीत हवं. "म्हणजे लोक माझ्यामुळे येत नाहीत?" असं विचारलं, तर फादर चष्मा पुसत बसले.

पुढच्या रविवारपासून गिटार, ड्रम आणि माईक. आणि माईकवर कोण? माझी धाकटी जाऊ! जिला मी हाताला धरून या चर्चमध्ये आणलं ती. लग्नाआधी तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा गॉडमदर म्हणून शेजारी मी उभी होते. प्रार्थना मी पाठ करून घेतल्या, गुडघे कधी टेकायचे ते मी शिकवलं.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, "बरं झालं, तुझ्या कंबरेला आराम." मी जेवायला वाढलं नाही. आपलं आपण वाढून घेतलं त्यांनी.

११ जानेवारी

ड्रमवर दाताचे डॉक्टर, गिटारवर औषधाच्या दुकानाचे मालक. दोघेही जन्माने आपलेच, पण नाताळ आणि ईस्टर सोडले तर चर्चचं तोंड बघत नाहीत. आज मात्र केस विंचरून हजर!

मी खाली, बाकावर. इतकी वर्षं माळ्यावर लोकांकडे पाठ करून बसले, ऑर्गनवरच्या आरशात फक्त वेदी दिसायची. आज पहिल्यांदा माणसं दिसली. टाळ्या वाजवत होती. माईकराणी डोळे मिटून गात होती आणि मधूनच एक हात वर करत होती, बस थांबवल्यासारखा.

१८ जानेवारी

मागे उभं राहायलाही जागा नाही. माझ्या पोटात दुखलं.

१ फेब्रुवारी

शिंपीणबाईंनी दारात गाठलं. "आमचा थोरला किती वर्षांनी रविवारच्या मिस्साला आला हो! तुमच्या जावेचे उपकार." मी म्हटलं, गर्दी सर्कशीलाही होते. त्यांचा चेहरा पडला. पडू दे.

ऑर्गनवर कापड टाकलंय. कापडावर कुणीतरी वायरींचं भेंडोळं ठेवलंय. हे मी विसरणार नाही. कुणालाच विसरू देणार नाही.

१८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. उपवासकाळ सुरू, त्यामुळे ईस्टरपर्यंत वाद्यं बंद, नुसता गळा. तेवढंच कानांना सुख. फादर कपाळाला राख लावताना म्हणाले, पश्चात्ताप करा. कुणी करायचा ते आधी ठरवू या.

२ मार्च

बिशप येणार, येत्या रविवारी. फादरांना त्यांना भरलेलं चर्च दाखवायचंय, म्हणून तेवढ्या एका दिवसापुरता बँड, ड्रमशिवाय. फादर स्वतः तापाने अंथरुणावर. जावेला निरोप पाठवलाय म्हणे — गाणी एकदा थोरल्या बाईंना ऐकवून घ्या. आता आठवण झाली थोरल्या बाईंची!

५ मार्च

आज ती आली. मी स्वयंपाकघरात, ती ओट्याला टेकून. "ताई, ऐकता का? चुकलं तर सांगा, मला यातलं काही कळत नाही." एकेक गाणं म्हणून दाखवलं. आवाज चांगला आहे मेलीचा. उगाच कशाला खोटं लिहू.

चौथं गाणं सुरू केलं आणि माझा हात कढईतच थांबला. बायबलमधली सुवार्ता वाचण्याआधीचं गाणं — आलेलुया! उपवासकाळात! अख्ख्या उपवासकाळात हा शब्द चर्चमध्ये उच्चारायचाच नाही. आनंदाचा शब्द, ईस्टरपर्यंत मिटून ठेवायचा. आमच्यात शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. तिला नव्हतं. आणि मी तिला शिकवलं नव्हतं, कारण काय म्हणायचं ते शिकवता येतं, काय म्हटलं जात नाही ते शिकवायचं कुणाला सुचतं? डॉक्टर आणि दुकानदार तर नाताळ-ईस्टरला उगवणारे, तेव्हा तो शब्द असतोच; मधे तो बंद असतो हे त्यांना कुठून कळणार?

तिने विचारलं, "कसं वाटलं?"

मी झारा फिरवत म्हटलं, "छान आहे."

ती खूश झाली. जाताना माझा डबा घासून ठेवून गेली.

८ मार्च

सविस्तर लिहिते. पुन्हा वाचायला लागेल.

चर्च खच्चून भरलेलं. बिशप वेदीवर, फादर शेजारी, तापाने ओढलेले. बायबलमधलं दुसरं वाचन झालं, सुवार्तेसाठी सगळे उभे राहिले, गिटार सुरू झाली आणि माईकराणीने डोळे मिटून, हात वर करून तो शब्द सोडला. आलेलुया!

पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. कॉन्व्हेंटच्या सिस्टर सुपीरियरनी छातीवर हात ठेवला. पोरंटोरं मात्र जोरात गायला लागली, टाळ्यांसकट. बिशप खाली बघत उभे. फादरांचा चेहरा पिठासारखा. हिने डोळे उघडले, पुढची रांग बघितली, आणि काय चुकलं ते न कळताच काहीतरी चुकलंय एवढं तिला कळलं. आवाज चिरकला आणि ती गायची थांबली. दुसरं कडवं गिटारने एकट्याने ओढलं.

प्रवचनात बिशप एवढंच म्हणाले, "वाट बघायला शिकणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे." मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

हे शेजारून म्हणाले, "तुला ऐकवली होती ना गाणी तिने?" मी म्हटलं, प्रार्थनेच्या पुस्तकात बघा.

१० मार्च

उत्तर तयार ठेवलंय. ती भांडायला आली की म्हणायचं — गाणं छानच होतं, कधी म्हणायचं ते तू विचारलं नाहीस.

१२ मार्च

आली नाही. जिन्यात भेटली, डोळे सुजलेले. "बरी आहात ना ताई?" विचारलं आणि खाली उतरली. माझ्या लक्षात आलं — हिला अजून कळलेलंच नाही! इतकी भोळी असेल असं वाटलं नव्हतं. उत्तर वाया गेलं.

१५ मार्च

बँड बंद! फादर स्वतः घरी आले. "ईस्टरला तुम्हीच वाजवा, बाई. पुढेही तुम्हीच." मी लगेच हो म्हटलं नाही. चहा दिला, बिस्किटं दिली, पाण्याचा ग्लास दिला, मग म्हटलं, बघते.

कापड काढलं. वायरी पायाने बाजूला सारल्या.

२९ मार्च

बाकं पुन्हा दिसायला लागली. शिंपीणबाईंचा थोरला नाही. डॉक्टर नाहीत. जाऊही नाही, दिराने सांगितलं, डोकं दुखतंय. जे निव्वळ टाळ्यांसाठी आले होते ते गेले, बरं झालं. फादर मिस्सा संपल्यावर दारात उभे राहून रस्त्याकडे बघत होते.

५ एप्रिल

ईस्टर. आलेलुया मी वाजवला, जिथे आणि जेव्हा वाजवायचा तिथे आणि तेव्हा. एकही सूर चुकला नाही. अर्धं चर्च रिकामं. जे होते त्यांच्यातले निम्मे पुटपुटत होते, जुनी चाल विसरलेत. विसरोत. मी जिंकले. हे लिहून ठेवते — मी जिंकले, आणि ती आज घराबाहेरही पडली नाही.

६ एप्रिल

सकाळी वेदीवरची फुलं आवरायला गेले. फादर म्हणाले, "तुमच्या जावेचं मन मोठं, बाई. बिशप गेले त्याच दिवशी रडत आली होती. म्हणाली, ताईंनी मला बजावलं होतं, हा शब्द आत्ता नाही म्हणून. मीच हट्टाने म्हटला. त्यांना पुन्हा ऑर्गनवर बसवा. तेव्हाच ठरवलं मी." मग हसून विचारलं, "बजावलं होतंत ना तुम्ही?"

मी म्हटलं, "हो."