समुद्र लवकर सावरला

७ एप्रिल
आजपासून टंगळमंगळ बंद. पीएचडीचं हे शेवटचं एक्स्टेन्शन. काळजी नाही, माझ्याकडे हिमालयातल्या स्पितीचे दगड आहेत. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी कार्बन बेसुमार वाढला, समुद्र गुदमरला, जवळजवळ सगळं मेलं. सावरायला लाखो वर्षं लागली, असं जग म्हणतं. माझ्या कड्यात खालचे थर कोरे आणि वीतभर वर शिंपलेच शिंपले. म्हणजे झटपट सावरला. जग चुकलंय.

१५ एप्रिल
लिहिलं नाही. कूलरचा पंप बिघडला.
मायाला तिच्या मिहानमधल्या कंपनीनं हैदराबादला प्रमोशन दिलंय. काय करू, विचारत होती. म्हटलं, थांब, सेमिनार झाला की मलाच परदेशातून बोलावणं येईल. बायको बराच वेळ बघत राहिली. कौतुकानं असावं.

२२ एप्रिल
टायटल पक्कं. टायटल म्हणजे अर्धी थिसिस.

२९ एप्रिल
छातीत धडधड, झोप नाही. एक्साइटमेंट. बाथरूममध्ये थोडा रडलो. डोळ्यांत दगडाची पूड गेली होती.

६ मे
सेमिनार. माझ्या गाइड पुष्पलता मॅडम पहिल्याच फोटोवर थांबल्या. दगडातल्या किड्यांच्या बिळांवर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "धम्मानंद, हे किडे आभाळाकडे बीळ काहून खोदून राहिले गा?"
म्हटलं, आणीबाणीत कोणी काहीही करतं. कुणी हसलं नाही.
मग त्यांनी समजावलं. किडे खालीच खोदतात; त्या जागी थरांना घडी पडून कडाच पालथा झालाय. मी खालचे समजलो ते थर नंतरचे. आधी शिंपले, मग मरण. माझा समुद्र सावरला नाही, मेला. हे जगाला आधीच ठाऊक होतं.

७ मे
चूक हिमालयाची आहे. मायाला सांगितलं, आता तर काम दुप्पट महत्त्वाचं झालं, फक्त अजून एक वर्ष. ती बॅग भरत होती. म्हणाली, "मले समुद्राचं नको सांगू. तू कधी सावरशील ते सांग."
उद्या नीट उत्तर देईन.

१२ मे
माया गेली. स्टेशनवर म्हणाली, जेवत जा.
घरी येऊन दगड टेबलावर मांडले, या वेळी बरोबर क्रमानं. शिंपले, मग कार्बनचा गोंधळ, मग कोरे थर. त्यानंतर जीव परत आलेच, मॅडम म्हणतात. पण ते थर कड्याच्या पायथ्याखाली, नदीत गाडलेले. तिथून मी काहीच आणलं नव्हतं.
तरी शेवटचा दगड घेऊन भिंगातून बघत बसलो. संध्याकाळपर्यंत. एकही शिंपला नाही.